एका टेबलाचे रसग्रहण

समीक्षा हा प्रकार आपल्याकडे पुस्तकांवर, नाटकांवर आणि शेजाऱ्यांच्या सुनांवर करण्याची पद्धत आहे. टेबल, खुर्ची, पलंग या कलाकृतींच्या वाट्याला कोणी जात नाही. वास्तविक कादंबरी नाही आवडली तर मिटून उशाशी ठेवता येते, नाटक नाही आवडलं तर मध्यंतरात बटाटेवडा खाऊन घरी जाता येतं. पण डायनिंग टेबल ही अशी कलाकृती आहे की, तिचा आस्वाद दिवसातून दोनदा, आणि चहा-नाश्ता धरला तर चारदा, घ्यावाच लागतो. शिवाय ती मिटत नाही. मिटणारीही मिळतात म्हणे. पण ती भलत्याच वेळी, म्हणजे वर आमटीचं पातेलं असताना, मिटतात असा एका मेव्हण्याचा अनुभव आहे.

तर आमच्या शिरपुरातल्या घरी जे टेबल आलं, त्याचं मी रसग्रहण करणार आहे. रसग्रहण हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात रस समजावून सांगताना दाखला दिला तो जेवणाचाच. नाना मसाल्यांनी आणि पदार्थांनी जशी जेवणाला चव येते, तसा रस निर्माण होतो, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या टीकाकारांनी त्यातलं जेवण काढून घेतलं आणि नुसती टीका शिल्लक ठेवली. मी जेवण परत आणतो आहे, एवढंच.

समीक्षेत आधी पूर्वसूरींचा उल्लेख करावा लागतो. टेबलाचा पूर्वसूरी पाट. आमच्या घरी सात पाट होते. त्यांतल्या एकाला पितळी फुल्या होत्या आणि तो जावयाचा होता. पाटावर मांडी घालून बसायचं, ताट पुढ्यात जमिनीवर. या रचनेतली एक गोष्ट माझ्या लक्षात पन्नाशी उलटल्यावर आली. ती अशी की, पाटावर बसणाऱ्याचं जेवण त्याच्या बैठकीपेक्षाही खाली असतं. कोपर वर, ताट खाली. हात उतरतो, घास उचलतो, आणि पाठ थोडी वाकून तोंड त्याच्या भेटीला येते. दुसरं म्हणजे, उंचीचा प्रश्नच उद्भवत नाही. पैलवान असो की पाच वर्षांचं पोर असो, जमीन सगळ्यांना सारखीच लागते. अख्ख्या गावाची पंगत बसवली तरी ‘ही जमीन मला जरा उंच होते’ असं कोणी म्हणालेलं ऐकिवात नाही.

पण जमिनीवर बसायला गुडघे लागतात, आणि आमच्या आईचे गुडघे गेले. आईला आम्ही सगळे ‘माय’ म्हणतो. माय पाटावर बसायची ती भिंतीला धरून, आणि उठायची ती दोघांना धरून. डॉक्टरांनी सांगितलं, “मांडी घालून बसणं बंद. खाली बसणं बंद. टेबल आणा.” म्हणजे टेबल आलं ते मायसाठी. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावं; आमच्या कोणाच्या राहिलं नाही.

टेबल घ्यायला आम्ही सहकुटुंब गेलो. सहकुटुंब म्हणजे मी, ही, आणि आमचे पाच फूट दहा इंचांचे चिरंजीव. मायला नेलं नाही, कारण तिचे गुडघे दुखत होते. म्हणजे ज्या गुडघ्यांसाठी टेबल घ्यायचं, तेच गुडघे आम्ही घरी ठेवून गेलो. दुकान मोठं होतं. हिने पॉलिश पाहिलं. चिरंजीवांनी लाकडावर टिचकी मारून कान लावला. टरबूज पारखतात तसा. मी किंमत पाहिली आणि बसलो. बसलो म्हणूनच केवळ मला एक प्रश्न सुचला.

“याची उंची किती?” मी विचारलं.

“स्टँडर्ड,” दुकानदार म्हणाला.

‘स्टँडर्ड’ या शब्दापुढे मराठी माणूस गप्प बसतो. स्टँडर्ड कोणाचं, असं विचारणं म्हणजे स्वतःचं स्टँडर्ड उघड करणं. मी मान डोलावली. टेबल टेम्पोत चढलं.

आता शिरपूर हे काही उंची-खोलीच्या बाबतीत अडाणी गाव नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. चढ आणि उतार दोन्ही आम्ही लहानपणापासून पाहतो. विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेले, तेव्हा 2004 च्या सुमारास सुरेश खानापूरकर या भूवैज्ञानिकांनी याच तालुक्यात नाले खोल-रुंद करून, बंधारे घालून पाणी मुरवायचं काम सुरू केलं आणि ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ते राज्यभर गाजलं. बाहेरगावची माणसं ते पाहायला येऊ लागली. म्हणजे जमिनीखालचं पाणी किती फुटांवर आहे, हे आमच्याकडे चहाच्या टपरीवरही चर्चिलं जाई. जमिनीवरचं ताट किती इंचांवर आहे, हे मात्र कोणी मोजलं नव्हतं.

पहिलं जेवण वरण-बट्टीचं केलं. नव्या वास्तूला जसा नारळ, तशी नव्या टेबलाला बट्टी, असा माझा आग्रह. ज्यांना हा पदार्थ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, बट्टी हा नाजूक हातांनी खाण्याचा प्रकार नव्हे. ती आधी ताटात फोडायची, मग तळहाताने चुरायची, वर तूप, मग वरण, मग पुन्हा कालवायचं, शेजारी घोटलेली वांग्याची भाजी. चुरायला जोर लागतो आणि जोर लागतो तो खांद्यातून. पाटावर बसलं की सगळं अंग बट्टीवर तोलता येतं. टेबलावर ताट जवळजवळ छातीशी आलेलं. खांदा वर उचलून, कोपर बाहेर काढून, मी बट्टी दाबायला लागलो, तर ती निसटली आणि हिच्या ताटात गेली. हिने ती परत केली. शेजारी-शेजारी बसणाऱ्याला दोन फूट रुंदी हवी, असा टेबलाचा एक नियम आहे. तो काट्याचमच्याने जेवणाऱ्यांचा. बट्टी चुरणाऱ्याला किती हवी, याचा विचार त्यात केलेला दिसत नाही.

मग कांदा. बुक्की मारून कांदा फोडणं ही आमच्याकडे कला आहे. बुक्की वरून खाली यायला हवी आणि मुठीला थोडा तरी प्रवास घडला पाहिजे. या टेबलावर मूठ डोक्यापर्यंत न्यावी तेव्हा कुठे तिला खाली यायला जागा मिळे. चिरंजीवांनी हात उगारला तेव्हा त्यांच्या आजीने दचकून विचारलं, “कोनले मारी राहिना रे?”

त्या जेवणात मायकडे मी एकदाच नीट पाहिलं. ती खुर्चीच्या अगदी पुढच्या काठावर बसली होती. पाठ टेकली तर पाय वर येत, पाय टेकवायचे तर पाठ सुटे. ताट तिच्या छातीच्या वर कुठेतरी होतं. ती एका हाताने टेबलाची कड धरून दुसऱ्या हाताने जेवत होती. बसच्या दांड्याला धरून उभा असलेला माणूस शेंगदाणे खातो, तशी.

“कसं आहे टेबल?” मी विचारलं.

“भारी शे,” माय म्हणाली.

हा अभिप्राय मी छापील अर्थाने घेतला. समीक्षकाची ही पहिली चूक. सभ्य वाचक वाईट पुस्तकालाही ‘भारी’च म्हणतो, खरं मत त्याने पुस्तक किती वाचलं यावरून कळतं.

पुढच्या आठ-दहा दिवसांत मायने जेवणाच्या वेळा बदलल्या. आम्ही बसलो की ती म्हणे, “तुम्ही जेवी ल्या, मी मांगून जेवसू.” कधी चतुर्थी असे, कधी ‘आत्ताच चहा घेतला’ असे. चतुर्थी महिन्यात दोनदा येते हे मला माहीत आहे, पण त्या महिन्यात पाच आल्या. आम्ही म्हातारपणाची भूक म्हणून सोडून दिलं. ही मात्र एकदा दुपारी मधेच उठून स्वयंपाकघरात गेली, तर माय दळणाच्या डब्यावर बसून, मांडीवर ताट घेऊन, भाकरी कुस्करून खात होती. डबा पंधरा किलोचा. उंचीला बरोबर.

हिने बाहेर येऊन मला काही सांगितलं नाही. माझ्या समोरची खुर्ची जरा जोरात आत सारली. एवढ्या वर्षांच्या संसारात मला तेवढी समीक्षा कळते.

मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली. टेबल 30 इंच. खुर्ची 18 इंच. आता हे आकडे आले कुठून? बाजारात जेवणाची टेबलं 28 ते 30 इंचांची असतात आणि खुर्च्या 17 ते 19 इंचांच्या, हे खरं. पण ते काही वेदात नाही. खुर्चीची उंची ठरते गुडघ्यामागच्या खळगीपासून तळपायापर्यंतच्या पायावरून, आणि हा पाय माणसाच्या एकूण उंचीच्या साधारण चौथा हिस्सा असतो. गणित सोपं आहे. सहा फूट म्हणजे 72 इंच. त्याचा चौथा हिस्सा 18. म्हणजे आमची खुर्ची सहा फुटी माणसासाठी होती. आपल्या देशात बाईची सरासरी उंची 152 सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास. तिला हवी 15 इंचांची. माय चार फूट दहा इंच. तिला साडेचौदा. साडेचौदाचे पाय अठराच्या खुर्चीवर बसले तर साडेतीन इंच हवेत राहणारच. त्यात काही म्हातारपण नाही, हेकेखोरपणा नाही, सवय नाही. वजाबाकी आहे.

आणि हे सहा फूट कोणाचे, तेही सांगतो. ल कॉर्बुझिए नावाचा मोठा वास्तुशिल्पी होऊन गेला, ज्याने आपलं चंडीगड बांधलं. त्याने 1940 च्या दशकात माणसाच्या शरीरावरून मापांची एक पट्टी तयार केली. घर, दार, खुर्ची, सगळं तिच्यावरून मोजावं म्हणून. आधी त्याने माणूस धरला 175 सेंटिमीटरचा. मग त्याच्या एका सहकाऱ्याने सुचवलं की, इंग्रजी रहस्यकथांमधले देखणे पुरुष, पोलीसबिलीस, नेहमी सहा फुटी असतात. झालं. पट्टी 183 सेंटिमीटरची झाली. एका काल्पनिक इंग्रज फौजदाराच्या बांध्यावरून आधुनिक घराचं माप निघालं! आमच्या खान्देशात फौजदारी डाळ असते. पण ती निदान तिखट असते, उंच नसते. गंमत पुढेच आहे. त्या पट्टीच्या आकड्यांत 43 सेंटिमीटरला बैठक बसते आणि 70 ला टेबल. 70 म्हणजे साडेसत्तावीस इंच. आमचं 30. म्हणजे शिरपुरात राहणाऱ्या चार फूट दहा इंचांच्या बाईसाठी आणलेलं टेबल त्या सहा फुटी फौजदारालाही अडीच इंच जास्तच झालं असतं.

शिवाय फौजदाराच्या पायात बूट. हा मुद्दा कोणी लक्षात घेत नाही. खुर्च्या-टेबलांची मापं जिथून आली, तिथली माणसं जेवायला पायात बूट घालून बसत. टाचेखाली इंचभर तरी तळ. आपण चपला दाराबाहेर काढतो. म्हणजे बसण्याआधीच आपण इंचभर हरलेलो असतो.

माझ्यातल्या समीक्षकाला इथे सापडलं ते असं: हे टेबल वाईट नाही, हे भाषांतर आहे. आणि भाषांतरही कसं, तर शब्दाला शब्द. मूळ इंग्रजीत नायकाच्या हातात काटा-चमचा आहे. काटेचमच्याला हाताची लांबी असते. घास तोंडापर्यंत चमचाच नेतो, कोपर फारसं हलत नाही, म्हणून टेबल उंच असलं तरी चालतं, उलट सांडायला अंतर कमी. आपल्याकडे नायक हाताने जेवतो. त्याचं कोपर ताटाच्या वर हवं. याचं मराठीत रूपांतर करायचं तर उंची बदलायला हवी होती. 1997 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांवरचं पुस्तक काढलं. आपल्या माणसांची उंची, गुडघा, कोपर, सगळं मोजून. म्हणजे शब्दकोश तयार आहे. भाषांतरकार तो उघडत नाहीत.

एवढं सगळं मी हिला ऐकवलं. ती म्हणाली, “मे महिना येऊ दे.”

तेव्हा मला अर्थ लागला नाही. मे महिन्यात आंबे आले, खापरावरचे मांडे झाले. आमच्याकडचा मांडा ताटाएवढा नसतो, ताट मांड्याएवढं असावं लागतं. सोबत रसाची वाटी. मायला त्या दिवशी आग्रहाने टेबलाशी बसवलं. सणासुदीला एकटी डब्यावर कशी जेवणार? तिने मांड्याचा तुकडा रसात बुडवला, उचलला, आणि रस निघाला. बोटांवरून तळहातावर, तळहातावरून मनगटावर, मनगटावरून सरळ कोपराकडे. लुगड्याचा काठ भिजला. पाटावर बसून सत्तर वर्षं रस खाल्लेली बाई. तिच्या कोपराला आजवर रस लागला नव्हता. कारण उघड आहे. पाटावर हात ताटाकडे उतरता असतो. ओघळ आला तरी तो परत बोटांकडे, ताटात. उंच टेबलाशी कोपर खाली आणि पंजा वर, म्हणजे उतार उलटा. पाणी उताराकडे वाहतं, हे शिरपूरच्या माणसाला कोणी सांगायला नको. नाला कुठे वळेल ते आम्हाला कळतं. रस कुठे वळेल ते कळलं नाही.

माय काही बोलली नाही. पदराने कोपर पुसलं, वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, “बस झाया.” आमरस आणि मांडा पानात टाकून माय उठली, ही आमच्या घराण्याच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

टेबलाची उंची तपासायला टेप लागत नाही, असं माझं आता मत झालं आहे. आमरसाची वाटी घ्या. रस बोटांवर थांबला तर टेबल उत्तम. मनगटावर थांबला तर चालेल. कोपरापर्यंत गेला तर सुतार बोलवा. याला मी रससिद्धान्त म्हणतो. अभिनवगुप्तांनी याहून अवघड करून ठेवलेला आहे.

सुतार बोलावला. आमचे मिस्त्री सत्तरीचे. कानाला पेन्सिल, बोलणं मोजकं. मी त्यांना माझं गणित ऐकवलं. खुर्ची साडेचौदा करा, टेबल त्या बेताने पंचवीसच्या आत आणा. मिस्त्रींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “भाऊ, टेबल कोनाकरता शे?”

“सगळ्यांसाठी.”

“सगळास्नाकरता म्हंजे कोनाकरताच नही.”

दुकानदाराच्या ‘स्टँडर्ड’वर इतकी नेमकी टीका मी दुसरी ऐकलेली नाही.

मग त्यांनी मायला बोलावलं, खुर्चीवर नीट मागे टेकून बसवलं आणि म्हणाले, “माय, घास घे.”

“कसाना घास?”

“खोटा घास. हवाना.”

“हवा खावाले मी काय साप शे का?” माय म्हणाली. मग आतून भाकरीचा तुकडा आणि ठेचा आला, आणि माय टेबलाशी बसून खरोखरीची जेवली. मिस्त्री उकिडवे बसून तिच्या कोपराकडे पाहत राहिले. मायला आजवर मापासाठी कोणी उभं केलं असेल तर ते चोळी शिवणाऱ्याने. घरातली एखादी वस्तू तिच्या मापाची असावी म्हणून कोणी तिच्यापुढे बसलेलं मी पाहिलं नव्हतं. तिलाही ते जरा लाजल्यासारखं झालं. तिने ठेचा दुसऱ्यांदा मागितला.

मिस्त्रींनी माझं गणित खोडलं. साडेचौदाची खुर्ची पायांना बरोबर, पण गुडघ्यांना नाही. खुर्ची जितकी खाली, तितकं उठताना गुडघ्याला जास्त. आणि डॉक्टरने खाली बसणं बंद केलं ते त्यासाठीच. मी गणितात पाय धरले होते, दुखणं धरलं नव्हतं. तेव्हा खुर्च्या फक्त इंचभर कापायच्या, 17 इंच. टेबल तीन इंच कापून 27. दोघांत अंतर बरोबर 10 इंच. आधी ते 12 होतं. मला कळलं ते एवढंच की, टेबलाची उंची अशी काही वेगळी चीज नसते. बैठकीपासून ताटापर्यंत किती, हाच काय तो सवाल. फळी आणि तिच्याखालची आडवी पट्टी मिळून चार इंच, म्हणजे मांडीला उरले सहा. आणखी कापलं असतं तर मांड्या पट्टीला लागल्या असत्या. सहा इंच माझ्या मांडीला पुरतात. हिच्या मते जेमतेम.

“आणि माझे गुडघे?” चिरंजीवांनी विचारलं.

“तुम्ही पाय लांब करा,” मिस्त्री म्हणाले. याला उत्तर नाही. उंच माणसाला पाय पसरता येतात. बुटक्याला ते वाढवता येत नाहीत. टेबल घ्यायला जाताना घरातल्या सर्वांत ठेंगण्या माणसाला बरोबर न्यावं, हे मला दुकानात कळलं असतं तर करवतीचा खर्च वाचला असता.

पण 17 च्या खुर्चीवरही मायचे पाय अडीच इंच अधांतरी राहणार होते. मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं, माळ्याकडे बोट दाखवलं आणि पाट काढायला लावला. तोच, पितळी फुल्यांचा, जावयाचा. पाट अडीच इंच उंच. तो टेबलाखाली मायच्या पायांशी सरकवला. माय मागे टेकून बसली, पाय पाटावर टेकले. चाळीस वर्षं ज्या पाटावर तिने जावयांना बसवलं, त्यावर तिने पाय ठेवले. आधी तिने पाटाला हात लावून नमस्कार केला, हे सांगायला हवं.

कापण्याचं काम वाटतं तितकं सोपं नाही. टेबलाचे चार पाय चार वेळा कापले तर ते डुगडुगतं, मग डुगडुग घालवायला आणखी कापायचं, आणि असं करत करत त्याचा पाट होतो. मिस्त्रींनी टेबल उलटं करून फळीवरून चारही पायांची मापं घेतली, खुणा चारी बाजूंनी फिरवल्या आणि मगच करवत लावली. खुर्च्यांचे मागचे पाय तिरके. ते सरळ कापले तर खुर्ची टोकावर उभी राहते, म्हणून तिथे करवतही तिरकी. कापलेल्या तोंडाला पॉलिश दिलं आणि खाली रबर ठोकलं, कारण लाकूड पाणी पितं ते याच तोंडाने, आणि आमच्याकडे फरशी रोज पाण्याने पुसली जाते. ज्यांच्या टेबलाचे पाय खरादावरचे, खाली निमुळते होत गेलेले असतील, त्यांनी माझं ऐकून करवत आणू नये. टेबल गुडघ्यात कापल्यासारखं दिसेल. लोखंडी पायांचं असेल तर सुताराकडे न जाता आधी पाय टेकायला पाट शोधावा आणि खुर्चीवर घट्ट उशी घालावी. पोकळ कापसाची नको. ती पहिल्या आठवड्यात बसते आणि बसणारा तिच्याबरोबर खाली जातो.

शेजारच्यांनी येऊन टेबल पाहिलं आणि ‘जरा बुटकं वाटतं’ असं म्हणाले. बुटकं आहेच. त्यांचं स्वतःचं काचेचं आहे, उंच आहे, आणि त्यावर वर्तमानपत्रांची रद्दी असते. जेवायला ते टीव्हीपुढे खाली बसतात. अशा टेबलांची संख्या गावात किती आहे, हे कोणी मोजलं तर समीक्षेच्या दृष्टीने उपयोगी पडेल.

जून लागला तेव्हा शेवटचे आंबे होते. माय बसली, पाय पाटावर, पाठ टेकलेली. कांदा तिने स्वतः फोडला. एकच बुक्की, आवाज खणखणीत. मग मांडा रसात बुडवला. आम्ही तिघं घास हातात धरून तिच्या कोपराकडे पाहत होतो. रस निघाला, तळहातावरून मनगटापर्यंत आला, आणि काकणापाशी थांबला.

“माले काय पाही राहिनात? जेवा,” माय म्हणाली.

कापलेले तीन-तीन इंचांचे चार ठोकळे मिस्त्रींनी सरपणात टाकायला काढले होते. मायने ते उचलून आत नेले. आता ते गव्हाच्या कोठीखाली आहेत. कोठी, तिच्या म्हणण्याप्रमाणे, दहा वर्षं तिला तीन इंच खाली होत होती.